आईच्या शुक्रवारी पार्सल आणा

पत्र : मावशी, मी १७ वर्षांची आहे. साताऱ्यात राहते, बारावी सायन्सला आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. आजी (वय ७१) आमच्याकडेच असते. आमचं मूळ गाव माण तालुक्यातलं. शिवाय एक धाकटा भाऊ. आमच्या घरी बाहेरून जेवण मागवायचं नावच काढता येत नाही. माझ्या सगळ्या मैत्रिणींकडे शनिवारी रात्री बिर्याणी नाहीतर पिझ्झा येतो. गेल्या शनिवारी सगळे हॉलमध्ये बसले असताना आठ वाजता मी म्हटलं, "आज चिकन बिर्याणी मागवू या." आई कणीक मळून हात धूत होती. म्हणाली, "मी काय मेले का?" बाबा म्हणाले, "पैसे झाडाला लागतात का?" आजीचा शनिवारचा उपास असतो, ती म्हणाली, "घरात पीठ असताना बाहेरचं कशाला?" मी रडून न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी आई नेहमीपेक्षा कमी बोलली. मला रोज नकोय, महिन्यातून एकदा तरी. आईबाबांना कसं पटवू?

उत्तर :

प्रिय पोरी,

न जेवता झोपलीस, ते आधी मिटव. तुझ्या दृष्टीने तो रुसवा होता, पण तुझ्या आईने त्या रात्री एक ताट झाकून ठेवलं असणार आणि सकाळी ते तसंच उघडलं असणार. तिच्याजवळ जाऊन एवढंच म्हण, "शनिवारी मी जेवायला हवं होतं, चुकलं माझं." त्याला जोडून बिर्याणीचा विषय काढू नकोस. मधे दोनतीन दिवस जाऊ देत, नाहीतर त्या माफीचाही सौदा होईल.

आता तुझं पत्र. तुला तीन माणसांनी नाही म्हटलं, पण तिघांचं नाही वेगवेगळं आहे. तू ते एकच धरून चालली आहेस, म्हणून गाडी अडली.

आजीपासून सुरुवात करते, कारण माझ्या मते या घरातलं कुलूप तिथे आहे. तिचं वय ७१ आणि गाव माणमधलं, हे तू सहज लिहून गेलीस. १९७२ च्या दुष्काळात ती साधारण तुझ्याच वयाची होती. त्या वर्षी माण-खटावच्या पट्ट्यात विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली, घरंच्या घरं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. कामावर सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळायचं. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचीच एक जात, मिळायचा, तो ज्यांनी खाल्लाय ते आजही त्याच्या भाकरीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. तुझी आजी तेव्हा कुठे होती, काय खात होती, हे मला ठाऊक नाही. तू विचार. बिर्याणीसाठी म्हणून नाही, तुझी आजी आहे म्हणून विचार. "घरात पीठ असताना" हे शब्द तिच्या तोंडी कुठून येतात ते तुला कळेल. पिठाचा डबा भरलेला असणं ही तिच्यासाठी साधी गोष्ट नाही. आणि तू बाहेरून जेवण मागव म्हणालीस तेव्हा परातीत मळलेली कणीक होती. तिच्या डोळ्यांना ती कणीक वाया जाताना दिसली.

आता आई. "मी काय मेले का" हे ऐकायला वाईट वाटतं, मला वाचतानाही वाटलं. पण त्या वेळी खोलीत कोण बसलं होतं ते आठव. तिची सासू बसली होती. आपल्याकडे बाई शाळेत शिकवो नाहीतर बँकेत बसो, तिचं मोजमाप अजूनही ओट्यापाशी होतं. नोकरी करणाऱ्या सुनेला तर हे जास्तच सांभाळावं लागतं. "हिला नोकरीमुळे स्वयंपाक जमत नाही" असं कुणी म्हणू नये म्हणून ती वर्षानुवर्षं दमून आली तरी पोळ्या लाटते. सासूसमोर, मळलेल्या कणकेसमोर, लेक म्हणते की आज बाहेरचं आणू. त्यावर ती हो म्हणेल कशी? मनात असतं तरी म्हणता आलं नसतं. तू तिला तिथे कोंडीत पकडलंस. तुला ते कळलं नाही, यात तुझा दोष नाही. पण आता कळलं आहे.

बाहेरच्या अन्नाला तुमच्या घरात बंदी आहे असं मला अजिबात वाटत नाही. दिवाळीत चिवडा-चकलीची पाकिटं येत असतील, श्रीखंडाचा डबा येत असेल, गणपतीत उकडीचे मोदक आता कितीतरी घरांत सांगून आणतात. साताऱ्यात राहून कंदी पेढे आणि रविवारची मिसळ घरात येत नसेल हे तर शक्यच नाही. पण हे सगळं आईच्या स्वयंपाकाच्या जोडीला येतं. तुझं पार्सल तिच्या स्वयंपाकाच्या जागी येणार आहे, आणि दुखतं ते तिथे. हा मुद्दा वाद घालताना तिच्या अंगावर फेकू नकोस. "मोदक चालतात, मग बिर्याणी का नाही?" असं विचारलंस की तू जिंकशील आणि पार्सल येणार नाही.

इथे माझ्या आईचं सांगते. मी १९ वर्षांची असताना कुकरच्या वाफेने तिचा उजवा हात भाजला. मनगटापासून बोटांपर्यंत. वडील चार दिवस खानावळीतून डबा आणत होते. पहिल्या रात्री आम्ही पाचही जण एकदम जेवायला बसलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आईला बसायची जागाच नाही. तिची जागा शेगडीपाशी होती. आम्ही खायचो, ती तव्यावरची पोळी वाढायची, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या दोन गार पोळ्या घेऊन एकटी बसायची. त्या रात्री वडील जरा सरकले आणि ती आमच्यात बसली. डाव्या हाताने अवघडत घास घेतला आणि म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय." मग आमटीची वाटी पुढे केली. मी वाढली. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या आईला वाढलं. खानावळीची ती आमटी काही फार चांगली नव्हती, पण तिने दोनदा घेतली.

मला तुला जे सांगायचंय ते एवढंच आहे. बाहेरून येणाऱ्या जेवणाची खरी किंमत आई पंगतीत सगळ्यांबरोबर बसते यात आहे. हे तुला मनापासून पटलं तरच पुढचं कर. नुसती युक्ती म्हणून केलंस तर आईला ते एका मिनिटात कळेल.

पटलं असेल तर वार बदल. शनिवार हा तुमच्या घरात सगळ्यात चुकीचा वार आहे. आजीचा मारुतीचा उपास, आणि तू चिकन मागतेस! मैत्रिणींकडे शनिवारी येतं म्हणून तू शनिवार धरलास. तुझ्या आईचा आठवडा डोळ्यांसमोर आण. जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी सकाळच्या असतात. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ती आठवड्याची दमणूक घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, ओटा आवरते, आणि शनिवारी पहाटे उठून सगळ्यांचं करून सकाळच्या शाळेला पळते. आठवड्यातली सगळ्यात जड रात्र शुक्रवारची आहे. मागायचं तर शुक्रवारचं मागावं.

विचारायची वेळही बदल. आपल्या घरातला स्वयंपाक संध्याकाळी सुरू होतो असं तुला वाटत असेल. तो आदल्या रात्री सुरू होतो. मटकी भिजत पडते, दही विरजलं जातं, भाजी निवडून फडक्यात गुंडाळून ठेवली जाते. म्हणून शुक्रवारी आठ वाजता विचारण्यात अर्थ नाही, तोवर तिचं अर्धं काम होऊन गेलेलं असतं आणि ते कुणाला मोडवत नाही. बुधवारी आजीला विचार, गुरुवारी संध्याकाळी आईला.

आजीला एकटीला गाठ. तिच्या खाटेवर बस आणि सरळ सांग, "आजी, शुक्रवारी आई लई दमून येते, शनिवारी परत पहाटे उठते. महिन्यातून एका शुक्रवारी बाहेरून जेवण आणलं तर चालेल का तुला? मोजकंच आणू, टाकायला काही उरणार नाही. तुझा मऊ भात मी घरी लावते." एवढं बोल आणि थांब. ती लगेच हो म्हणणार नाही. कदाचित सोड्याबद्दल बोलेल, तेलाबद्दल बोलेल, तिच्या सासूबद्दल बोलेल. बोलू दे. ज्या दिवशी ती "आण की, मला काय" म्हणेल, त्या दिवशी तुझ्या आईच्या खांद्यावरचं ओझं उतरेल. कारण मग आईला हो म्हणायला अडवणारं कुणी राहत नाही. जमलं तर हे आजीनेच आईला सांगावं. सासूच्या तोंडून "उद्या काही करू नको गं, पोरं आणतायत" हे ऐकणं आणि तुझ्या तोंडून ऐकणं यात फार फरक आहे.

मग गुरुवारी आईला. मैत्रिणींची नावं नकोत, "आपल्याकडेच कधी नाही" नको. वाक्य "मला" ने सुरू करू नकोस. "आई, उद्या रात्री तू ओट्यापाशी जाऊ नकोस. कणीकसुद्धा मळू नको. आजीशी बोलले मी. बाबा येताना पार्सल आणतील, भांडी माझ्याकडे. तुला काय खावंसं वाटतंय?" शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. प्रत्येक आईला असं काहीतरी आवडत असतं जे घरात दुसऱ्या कुणाला आवडत नाही, म्हणून ती ते कधी करत नाही. माझ्या आईला भरली कारली आवडायची, हे मला ती साठीची झाल्यावर कळलं. तुझ्या आईला काय आवडतं, तुला सांगता येईल का? मला शंका आहे. म्हणून विचार. "काहीही चालेल" म्हणाली तर ते उत्तर घेऊ नकोस, पुन्हा विचार.

बाबांचं सोपं आहे. "पैसे झाडाला लागतात का" म्हणणारा माणूस आकडा ऐकायला तयार असतो, तू त्यांना आकडाच दिला नाहीस. कागदावर लिहून दे. मोबाइलवर स्विगी-झोमॅटोत बघशील तर पदार्थाचा भाव, पॅकिंगचे पैसे, घरपोच आणण्याचे पैसे, ॲपचं शुल्क, असं एकावर एक चढत जातं. त्याच पदार्थाचा भाव हॉटेलच्या गल्ल्यावर बऱ्याचदा कमी असतो. एकदा दोन्ही भाव शेजारी लिहून बघ. समजा हॉटेलात ६०० रुपयांचं जेवण घेतलं, तर त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३० रुपये, ६३० झाले. छोट्या खानावळीत बऱ्याचदा जीएसटी वेगळा लावतही नाहीत. बाबा रात्री दुकान बंद करून येतातच, तर वाटेतून त्यांनीच आणावं. घरपोचचे पैसे वाचतात ते एक. दुसरं जास्त मोलाचं आहे. कुठून आणायचं हे त्यांना ठरवू दे. बाजारपेठेत इतकी वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला कुठल्या हॉटेलात माल चांगला येतो, कोण तेल बदलतो आणि कोण बदलत नाही, हे ॲपवरच्या ताऱ्यांपेक्षा जास्त कळतं. त्यांचा गिऱ्हाईक असलेला एखादा हॉटेलवाला असेलच.

पैशाबद्दल आणखी एक, आणि हे जपून वाच. तू बारावीला आहेस. क्लासची फी, सीईटी, पुढच्या वर्षीचा प्रवेश, हे सगळं एकाच वर्षात आलंय. दुकानाची उधारी तुला सांगत नसतील. बाबा आकडा बघून "या महिन्यात नको" म्हणाले तर ऐक आणि पुढच्या महिन्याचं विचार. ओवाळणीचे पैसे साठले असतील तर "दही आणि पापड माझ्याकडून" एवढं म्हण. सगळं बिल मी देते असं म्हणू नकोस, बापाला ते आवडत नाही.

बाहेरचं अन्न चांगलं नसतं, ही तुझ्या घरच्यांची भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. काही ठिकाणी तेल काळं होईपर्यंत वापरतात, भात दुपारपासून पातेल्यात तसाच असतो. शिजवलेला भात तासन्‌तास उबदार हवेत राहिला की त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात आणि तो पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जातंच असं नाही. म्हणून जिथे रात्रीच्या वेळी गर्दी असते तिथून घ्यावं, कारण तिथे पातेली रिकामी होतात आणि पुन्हा चढतात. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक हॉटेलात लावलेला आणि बिलावर छापलेला असतो, तो बघायची सवय लाव. पावसाळ्यात बाहेरची चटणी आणि चिरलेला कांदा घेऊ नका, कोशिंबीर घरी कर.

आणि डबे घरचे न्या. हे मी अगदी आग्रहाने सांगते. कढत रस्सा पातळ पिशवीत गाठ मारून आणायचा, हे मला कधीच बघवलं नाही. राज्यात २०१८ पासून तशा पिशव्यांना बंदी आहे, तरी कुठे कुठे देतात. बाबांच्या गाडीला सकाळीच दोन स्टीलचे डबे आणि एक किटली अडकवून ठेव. आपल्याकडे मटणाचा रस्सा किटलीतून आणायची पद्धत जुनीच आहे, हॉटेलवाला काही वेगळं वाटून घेणार नाही. घरचे डबे बघून आजीचंही मन थोडं मऊ होईल. डब्यातलं अन्न तिला ओळखीचं वाटेल.

काय आणायचं? डोसा आणू नका, घरी येईपर्यंत मऊ पडतो. तळलेलं स्वतःच्याच वाफेने ओलं होतं. हॉटेलची रोटी गार झाली की चामड्यासारखी ओढावी लागते. त्यापेक्षा जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या किंवा भाकरी घे, तिथे संध्याकाळी ताज्याच असतात, आणि लाटणारी बाई कोण आहे हे आईला ठाऊक असतं. बिर्याणी मात्र झाकणाखाली छान टिकते, म्हणून तुझी इच्छा पुरी व्हायला हरकत नाही. तुमच्याकडे शुक्रवारी चालत असेल तर एक बिर्याणी तू आणि भाऊ वाटून घ्या. बाकीच्यांना आई आणि बाबा म्हणतील ते. पहिल्या खेपेला पाच माणसांत चार माणसांचंच आणा. कमी पडलं तर आजीच्या भातातून सगळ्यांना घासघास मिळेल. उरलं तर मात्र आजीला जे वाटतं तेच खरं ठरेल.

आजीचा भात असा लाव. एक वाटी तांदूळ दोनतीन पाण्यांतून धुऊन घे, साडेतीन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, कुकरच्या चार शिट्ट्या. वर तूप आणि ताजं दही. हॉटेलचा रस्सा तिला तिखट होईल, तिला वेगळ्या वाटीत चमचाभरच दे, चवीला. तिने मागितला तर दे.

आणि एवढं करूनही नाही म्हणाले तर? शक्य आहे. मग तोंड पाडू नकोस. त्या शुक्रवारी तू स्वयंपाक कर. मुगाची खिचडी, भाजलेला पापड, ताक. आईला सगळ्यांबरोबर बसव आणि तू वाढ. तुला बिर्याणी मिळणार नाही, पण आईची शुक्रवारची रात्र हलकी होईल, आणि ते मला बिर्याणीपेक्षा कमी वाटत नाही. एकदा-दोनदा असं झालं की पुढच्या वेळी विषय आईच काढेल असं माझं मन सांगतं. खात्री देत नाही.

हो म्हणाले तर त्या रात्रीची एक गोष्ट विसरू नकोस. बाबा डबे घेऊन आले की आई सवयीने उठेल. वाट्या काढायला, लिंबू चिरायला, मीठ आणायला. ताटं, वाट्या, पाणी, लिंबू, मीठ सगळं आधीच मांडून ठेव, म्हणजे तिला उठायला कारणच राहणार नाही. जेवण झाल्यावर डब्यांतलं तेल आधी रद्दी कागदाने पुसून घे, मग गरम पाण्याने घास. बेसिनमध्ये काही ठेवू नकोस. ओटा कोरड्या फडक्याने पूस आणि चहाचं पातेलं शेगडीशेजारी पालथं घालून ठेव. पहाटे आई तिथेच येणार आहे.

तुझी,
मावशी